पुरस्कार नंतर द्या, आधी प्रेस द्या

प्रिंटमेकिंग, म्हणजे प्लेटवर, दगडावर किंवा लाकडावर चित्र करून ते कागदावर छापायची कला, शिकलेल्या मुलामुलींचं एक दुखणं आहे ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. चार-पाच वर्षं एचिंग (ॲसिडने धातूची प्लेट खोदून छापणं), लिथो (दगडावरून छापणं), वुडकट (कोरलेल्या लाकडावरून छापणं) सगळं मनापासून शिकायचं, शेवटच्या वर्षीचा डिस्प्ले दणक्यात करायचा, आणि कॉलेजचं आयकार्ड जमा केलं की माध्यमच हातातून जातं. पेंटिंगवाला घरी जाऊन कॅनव्हास भिंतीला टेकवून कामाला लागतो, चाळीतल्या एका खोलीत राहून लोकांनी मोठी मोठी चित्रं केलेली आहेत. एचिंगवाल्याला प्रेस लागते आणि प्रेस म्हणजे लोखंडी बेड, वरखाली जड रोलर, त्यावर फेल्टची जाड ब्लँकेट्स, चार माणसांशिवाय हलत नाही असं धूड. शिवाय ॲसिडसाठी हवेशीर जागा आणि एक्झॉस्ट, प्लेट तापवायला हॉटप्लेट, ॲक्वाटिंटची (प्लेटवर राळेची पूड बसवून छटा आणायची) पेटी, कागद भिजवायला ट्रे, प्रिंट वाळवायला रॅक. हे सगळं भाड्याच्या वन बीएचकेत कुठे ठेवणार? मग होतं काय, तर थोडे दिवस ओळखीपाळखीने कुणाच्या तरी प्रेसवर जाऊन काम चालतं, नंतर तेही अवघड होतं, आणि चांगला हात असलेली पोरं ड्रॉइंगकडे, डिजिटलकडे किंवा शाळेतल्या नोकरीकडे वळतात. त्यात वाईट काही नाही, पण आपण एक माध्यम शिकवायला सरकारी पैसा घालतो आणि ते जगवायला काहीच करत नाही, हे मला पटत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. कलेसाठी जो काही सरकारी पैसा आहे, मग तो राज्याचा असो, महापालिकेचा असो किंवा केंद्राचा, त्यातला पहिला हिस्सा सगळ्यांना वापरता येतील अशा सामायिक वर्कशॉप्सवर खर्च व्हायला हवा. वार्षिक प्रदर्शनं, पुरस्कार, सत्कार, बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं प्रदर्शन) हे सगळं त्याच्या नंतर. आणि हे मी हवेत बोलत नाहीये, कारण विसाव्या शतकात एका इंग्रज माणसाने अशी वर्कशॉप चालवून दाखवलीय, त्याचं नाव स्टॅनली विल्यम हेटर. आपल्याकडे प्रिंटमेकर सोडले तर हे नाव फार कुणाला माहीत नसतं, आणि खुद्द इंग्लंडमध्येही सामान्य माणसाला फार माहीत नाही, कारण त्याने आयुष्यातला बहुतेक काळ पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये काढला.

हेटर जन्मला १९०१ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात. वडील चित्रकार होते, घरात चित्रकला होतीच, पण पोरगा शिकला रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून. आणि नोकरी लागली कुठे, तर इराणमध्ये आबादानला, अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत, म्हणजे जी पुढे बीपी झाली ती. १९२२ ते १९२५ तो तिथे होता, कामातून वेळ काढून चित्रं काढायचा, बरोबरच्या लोकांची पोर्ट्रेट्स करायचा. परत आल्यावर कंपनीने लंडनच्या मुख्य ऑफिसात त्याचं प्रदर्शन भरवलं आणि बरीचशी चित्रं विकली गेली. १९२६ मध्ये तो पॅरिसला गेला तो कलाकार व्हायचंच असं ठरवून. तिथे त्याला जोसेफ हेख्त नावाचा पोलिश एनग्रेव्हर, म्हणजे धातूवर हत्याराने रेघा कोरणारा, भेटला आणि त्याच्याकडून तो ब्युरिन चालवायला शिकला. ब्युरिन म्हणजे पोलादाचं टोकदार हत्यार, लाकडी मुठीचं, तळहातात धरून तांब्याच्या पत्र्यात ढकलायचं, आणि गंमत अशी की वळणदार रेघ हवी असेल तर हाताने वळण घ्यायचं नाही, हात स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने प्लेट फिरवायची. रेघ कुठे जाईल हे काही प्रमाणात तांबंच ठरवतं. हेटरला ही गोष्ट इतकी भावली की पुढचं सगळं आयुष्य तो या रेघेच्या मागे लागला.

त्या वेळी त्याच्या मायदेशात एचिंगचं काय चाललं होतं हे पाहिलं की त्याने घेतलेला रस्ता किती वेगळा होता ते कळतं. १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये एचिंगचा बाजार जोरात होता. डी. वाय. कॅमेरॉन, म्युरहेड बोन, जेम्स मॅकबे या लोकांच्या प्रिंट्स लोक शेअरसारख्या घ्यायचे, एडिशन (एका प्लेटच्या ठरावीक प्रती) निघाली की लगेच वाढीव भावाने पुढे विकायचे, चित्र भिंतीवर लावायला घेतलंय की नफ्यासाठी हे घेणाऱ्यालाही नीट सांगता आलं नसतं. मग १९२९ ला शेअर बाजार कोसळला आणि हा सगळा डोलाराही त्याबरोबर आडवा झाला. कौशल्य होतं, परंपरा होती, मास्तर होते, पण सगळं भावावर उभं असल्यामुळे भाव गेला तसं माध्यमच मागे पडलं. मला आपल्याकडच्या लिलावांच्या बातम्या वाचताना ही गोष्ट नेहमी आठवते, अमक्याचं चित्र इतक्या कोटींना गेलं म्हणून आपण खूश होतो, आणि त्यातला एक रुपयाही नवीन माणसाच्या हातात ब्युरिन किंवा रोलर देण्यासाठी जात नाही.

हेटरने १९२७ मध्ये पॅरिसला छोटी वर्कशॉप सुरू केली. १९३३ मध्ये ती रू काम्पान्य-प्रमिएर या रस्त्यावर १७ नंबरच्या जागेत गेली, त्यावरून नाव पडलं आतलिए १७, आतलिए म्हणजे वर्कशॉप. तिथे मास्तर आणि विद्यार्थी अशी उतरंड नव्हती. हेटरला सगळ्यात जास्त येत होतं हे उघड आहे, पण तो स्वतःची प्लेट त्याच टेबलावर करायचा जिथे कालपरवा आलेला नवखाही करायचा, एकाने शोधलेली युक्ती दुसऱ्याला लगेच दिसायची. पिकासो, मिरो, जॅकोमेत्ती, माक्स एर्न्स्ट, कँडिन्स्की, काल्डर अशी माणसं तिथे काम करून गेली आणि त्याच जागेत ज्यांची नावं आज कुणालाच माहीत नाहीत अशी शेकडो माणसंही काम करून गेली. मला या दुसऱ्या गटाचं महत्त्व जास्त वाटतं. कारण मोठ्या माणसाला कुणीही प्रेस उघडून देतो, नवख्याला कोण देतो हा खरा प्रश्न आहे.

हेटरचा दुसरा आग्रह असा की आर्टिस्टने स्वतःच्या प्लेटवर स्वतः काम करायचं, स्वतः शाई भरायची, स्वतः पुसायची, स्वतः छापायची, निदान शोध चालू असेपर्यंत तरी. चित्रकाराने ड्रॉइंग करून द्यायचं आणि कारागिराने त्याची हुबेहूब प्रिंट करायची ही जुनी पद्धत त्याला मंजूर नव्हती, कारण त्यात नवं काही सापडतच नाही, आधी माहीत असलेल्या चित्राच्या फक्त प्रती निघतात. आपल्या महाराष्ट्राला ही दुसरी पद्धत चांगली ओळखीची आहे. राजा रवि वर्मांची प्रेस १८९४ ला मुंबईत सुरू झाली आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेली, तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोचल्या, देव्हाऱ्यात गेल्या, हे काम प्रचंड मोठं आहे आणि मी ते अजिबात कमी लेखत नाही. पण त्या प्रती होत्या, मूळ तैलचित्राच्या. तरीसुद्धा प्रेस नावाच्या जागेतून किती अनपेक्षित गोष्टी निघतात बघा, दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळायच्या आधी याच प्रेससाठी फोटोलिथोचं (फोटोवरून लिथो छपाईचं) काम करत होते. म्हणजे छपाईच्या हुन्नरात मुरलेला माणूस १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र करतो. मशीन, रसायन आणि शिकायला उत्सुक माणूस एका ठिकाणी आले की पुढे काय होईल ते आधी कुणी सांगू शकत नाही, म्हणून तर ती जागा असली पाहिजे.

आता मी थोडं टेक्निकल बोलतो, कारण माझ्या मुद्द्याचा गाभा तिथेच आहे.

रंगीत एचिंग करायचं म्हटलं की आधीची सर्वसाधारण पद्धत होती वेगवेगळ्या रंगांसाठी वेगवेगळ्या प्लेट्स करायच्या आणि एकाच कागदावर एकामागून एक छापायच्या, म्हणजे प्रत्येक वेळी कागद अचूक जागी बसला पाहिजे, ओला कागद ताणला जातो, जरा सरकला की चित्र बिघडलं. हेटर आणि त्याची मंडळी वर्षानुवर्षं याच्या मागे होती की एकाच प्लेटवर सगळे रंग चढवून प्रेसमधून एकदाच काढता येईल का. १९४६ मध्ये त्याने सँक पेर्सोनाज ही मोठी प्रिंट केली, त्यात खोदलेल्या रेघांमध्ये काळी शाई होतीच आणि वरच्या पृष्ठभागावर रेशमी स्क्रीनमधून रंग चढवले होते, सगळं एकाच फेरीत छापलं. पण खरी उडी पुढे १९५० च्या दशकात पॅरिसला पडली, जिला आज आपण व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग म्हणतो. तत्त्व ऐकायला सोपं आहे. प्लेट ॲसिडने आणि हत्यारांनी वेगवेगळ्या खोलीपर्यंत खोदायची, म्हणजे तिच्यावर उंच आणि खोल अशा पातळ्या तयार होतात. खोल रेघांत नेहमीसारखी शाई भरून पुसून घ्यायची. मग एका शाईत जवसाचं तेल जास्त घालून ती पातळ करायची आणि कडक रोलरने फिरवायची, कडक रोलर दबत नाही म्हणून ही शाई फक्त वरच्या पातळीवर बसते. दुसरी शाई घट्ट ठेवायची आणि मऊ रोलरने फिरवायची, मऊ रोलर दबून खालच्या पातळीपर्यंत पोचतो आणि तिथे शाई बसते, पण वरच्या पातळीवर आधीच तेलकट पातळ शाई असल्यामुळे घट्ट शाई तिथे धरतच नाही. एक प्लेट, तीन-चार रंग, प्रेसमधून एक फेरी. पहिल्यांदा समोर होताना बघितलं की माणूस थक्क होतो.

हे कुणी शोधलं? इथे आपला थेट संबंध येतो. यात हेटरचं रसायनशास्त्र कामाला आलं हे खरंच आहे, पण या शोधात दोन भारतीयांचा मोठा वाटा आहे. एक कैको मोती, मुंबईत जन्मलेले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, नंतर लंडनच्या स्लेड आर्ट स्कूलला आणि तिथून पॅरिसला हेटरकडे गेलेले. दुसरे कृष्णा रेड्डी, आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यातले, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेले, तेही स्लेडमार्गे पॅरिसला पोचले. रेड्डी मुळात शिल्पकाराच्या नजरेने प्लेटकडे बघायचे, त्यांच्यासाठी प्लेट म्हणजे जवळजवळ एक उथळ शिल्पच होतं, त्यामुळे पातळ्यांचा हा सगळा खेळ त्यांच्या हातात वेगळाच खुलला, त्यांची १९६३ ची व्हर्लपूल ही प्रिंट बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. पुढे ते आतलिए १७ चे सहसंचालक झाले, नंतर न्यूयॉर्कला जाऊन शिकवलं, २०१८ मध्ये गेले.

चित्तूरचा शिल्पकार, मुंबईचा जे. जे.वाला आणि हॅकनीचा केमिस्ट एका खोलीत एकाच प्रेसभोवती नसते तर ही पद्धत निघाली नसती असं माझं ठाम मत आहे. यातल्या कुणा एकाला घसघशीत पुरस्कार देऊन, शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं असतं तर काहीच निघालं नसतं. पण याच गोष्टीत सामायिक वर्कशॉपची एक खरी खोटही आहे. श्रेय कुणाचं? जगभरात बराच काळ ही पद्धत हेटरच्या नावानेच ओळखली गेली, रेड्डींचं नाव प्रिंटमेकर मंडळींत तरी मोठं झालं, आणि कैको मोती हे नाव आज मुंबईतल्या किती आर्ट स्टुडंट्सना माहीत असेल याची मला काळजी वाटते. ज्याच्या नावाने दार ओळखलं जातं त्याच्या नावावर सगळं जमा होतं. म्हणून मी जेव्हा सरकारी पैशाने वर्कशॉप काढा म्हणतो तेव्हा पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवा हेही म्हणतो, कोणी कोणत्या तारखेला काय करून बघितलं, कोण बरोबर होतं, कोणत्या प्लेटवर. हे काही फार अवघड काम नाही, पण आपल्याकडे तेच होत नाही.

वर्कशॉपमधून फक्त टेक्निकच निघतं असंही नाही. स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा हेटर आणि त्याच्या मित्रांनी १९३८ मध्ये सोलिदारिते आणि १९३९ मध्ये फ्रॅटर्निटी असे पोर्टफोलिओ काढले, वेगवेगळ्या आर्टिस्टची एकेक प्रिंट, बरोबर कविता, आणि विक्रीचा पैसा स्पेनमधल्या लोकांसाठी. एकेकट्या आर्टिस्टला हे करायचं तर कठीण, पण जिथे सगळे रोज भेटतात आणि प्रेस समोरच उभी आहे तिथे अशी गोष्ट आठवड्यात ठरू शकते. आपल्याकडे पूर, दुष्काळ, दंगल काय कमी घडतं? आर्टिस्ट लोकांची इच्छाही असते, पण एकत्र येऊन काही करायला जागा नसते.

युद्ध सुरू झाल्यावर हेटरने पॅरिस सोडलं, काही काळ इंग्लंडमध्ये कॅमोफ्लाजचं काम केलं आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कला गेला. तिथे न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्चमध्ये आतलिए १७ पुन्हा उभी राहिली आणि १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. युरोपातून पळून आलेले आर्टिस्ट आणि अमेरिकेतली तरुण मुलं एकाच खोलीत आली. लुईज बुर्ज्वा, लुईज नेव्हेलसन, स्यू फुलर अशा कितीतरी बायका तिथे काम करत होत्या, ज्यांना बाहेरच्या गॅलऱ्या फारशी दाद देत नव्हत्या. स्यू फुलरने सॉफ्ट ग्राउंडवर (प्लेटवरच्या मऊ मेणासारख्या थरावर) लेस आणि दोरे दाबून जे केलं ते तर पुढे सगळ्यांनी उचललं. आणि अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक. १९४४-४५ च्या सुमारास तो तिथे येऊन एनग्रेव्हिंग करायचा. त्याच्या प्लेट्सच्या थोड्याफार प्रती तेव्हा निघाल्या पण नीट एडिशन कधी झालीच नाही, ती झाली १९६७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. म्हणजे विक्रीच्या हिशोबाने बघितलं तर त्या तासांचं उत्पन्न शून्य. पण हात स्थिर ठेवून प्लेट फिरवत, सगळ्या बाजूंनी रेघ येऊ देत काम करणं हे सगळं करून झाल्यावर काही वर्षांत तो कॅनव्हास जमिनीवर पसरून चारी बाजूंनी रंग टाकायला लागला, आणि या दोन गोष्टींचा काही संबंध नाही असं मला तरी वाटत नाही. अनुदान देणारा अधिकारी विचारतो आउटपुट काय, किती कलाकृती, किती विक्री. अशा प्रश्नाने पोलॉक पहिल्याच महिन्यात बाहेर गेला असता.

त्या खोलीतून निघून माणसं कुठे कुठे गेली बघा. मॉरिसिओ लासान्स्कीने आयोवा युनिव्हर्सिटीत प्रिंटमेकिंगचं डिपार्टमेंट उभं केलं, गाबोर पेतेर्दीने येलला शिकवलं, त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे अजून डिपार्टमेंट्स काढली. ब्रिटनमध्ये ज्युलियन ट्रेव्हेलियन, जो १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसला हेटरकडे शिकला होता, तो पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये एचिंग शिकवायला लागला. आणि त्याच कॉलेजात १९६१ च्या सुमारास डेव्हिड हॉकनी नावाचा विद्यार्थी रंग विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून प्रिंटमेकिंगमध्ये शिरला, कारण तिथे सामान फुकट मिळायचं. हे हॉकनीने स्वतः अनेकदा सांगितलंय. त्यातून अ रेक्स प्रोग्रेस ही सोळा एचिंग्जची मालिका झाली आणि विसाव्या शतकातल्या मोठ्या प्रिंटमेकर्सपैकी एक तयार झाला. मी हे उदाहरण सगळीकडे सांगत असतो, कारण इतकं साधं धोरण दुसरं नाही. तांब्याची प्लेट फुकट, शाई फुकट, प्रेस उघडी. गरीब घरातला मुलगा आत आला. स्पर्धा भरवून, परीक्षक नेमून, निकाल लावून जे साधलं नसतं ते एका सामानाच्या कपाटाने साधलं.

यावर लोक जे आक्षेप घेतात ते मला माहीत आहेत आणि काही खरोखर दमदार आहेत.

एक असा की वर्कशॉपमध्ये सगळ्यांचं काम एकसारखं दिसायला लागतं. खरं आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटींमध्ये हेटर छापाच्या प्रिंट्सचं पीक आलं होतं, तेच भोवऱ्यासारख्या रेघा, तेच सॉफ्ट ग्राउंडचं टेक्श्चर, आणि टेक्निक जास्त नि म्हणणं कमी अशी टीका तेव्हाही झाली. पण त्यावर उपाय जागा बंद करणं हा नाही, जागेत वेगवेगळी माणसं येऊ देणं हा आहे. भारतीय प्रिंटमेकर झरीना हाश्मी १९६० च्या दशकात पॅरिसला हेटरकडेच होत्या, आणि त्यांचं पुढचं काम बघा, शांत, काटेकोर, घरांचे नकाशे, उर्दू शब्द, हेटरच्या उसळत्या रेघेचा मागमूस नाही. शिकून बाहेर पडायचं असतं, काही जण पडतात, काही नाही पडत.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. हेटरने हे बहुतांशी मेंबर्सच्या फीवर आणि स्वतःच्या हिमतीवर चालवलं, सरकारने कुठे काय दिलं होतं, मग आपल्याकडे सरकार कशाला हवं? माझं उत्तर असं की म्हणूनच तर ती जागा हेटरवर टांगलेली राहिली. १९५० मध्ये तो पॅरिसला परतला आणि न्यूयॉर्कची शाखा १९५५ मध्ये बंद पडली. पॅरिसची चालू राहिली कारण हेटर तिथे होता, १९८८ मध्ये तो गेला, आणि नंतर त्याच्या सहकाऱ्यांनी आतलिए कॉन्त्रपॉइंट या नावाने ती पुढे नेली हे त्यांचे उपकार. आपल्याकडेही हेच दिसतं. चित्रकार अकबर पदमसी, मुंबईचे, जे. जे.चे, पॅरिसला असताना हेटरच्या संगतीत राहिले होते, आणि त्यांना १९६९ मध्ये नेहरू फेलोशिप मिळाली तेव्हा त्यांनी त्या पैशातून मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप काढली, तरुण आर्टिस्ट आणि फिल्मवाल्यांना एकत्र सामान वापरता यावं म्हणून. चित्रकार नलिनी मालानी तिथे होत्या, दिग्दर्शक मणी कौल होते. स्वतःला मिळालेला पैसा माणसाने सगळ्यांसाठी मशिनरीत घातला, याहून मोठेपणा काय असतो. पण ती काही वर्षांत संपली, कारण मागे संस्था नव्हती. एकट्या माणसाच्या खिशातून आणि उत्साहातून चालणारी जागा त्या माणसाएवढीच टिकते.

याच्या उलट एडिनबर्ग बघा. १९६७ मध्ये तिथे कुणालाही येऊन काम करता येईल अशी प्रिंट वर्कशॉप सुरू झाली, सार्वजनिक पैशाचा आधार मिळाला, आणि आज पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी एडिनबर्ग प्रिंटमेकर्स चालू आहे, २०१९ पासून एका जुन्या रबर फॅक्टरीच्या इमारतीत. १९९० च्या दशकात तिथेच फ्रीडहार्ड किकेबेनने फेरिक क्लोराइड आणि सायट्रिक ॲसिडचं मिश्रण वापरून नायट्रिक ॲसिडपेक्षा बरीच सुरक्षित अशी एचिंगची रीत काढली. सगळ्यांनी एकाच खोलीत तासन्‌तास काम करायचं असेल तर धुराचा प्रश्न सोडवणं भागच पडतं, आणि सोडवला तो त्या जागेने.

आपल्या देशात हे होतच नाही असं नाही. ललित कला अकादमीचे दिल्लीतले गढी स्टुडिओ १९७६ पासून आहेत, भोपाळच्या भारत भवनात ग्राफिकची सोय आहे, बडोद्यात छाप ही वर्कशॉप १९९९ पासून काम करतेय. जिथे जिथे अशी जागा आहे तिथे आजूबाजूला प्रिंटमेकर्सची पिढी तयार झालेली दिसते, जागा नसेल तिथे लोक शिकतात आणि विरून जातात. महाराष्ट्रात काही आर्टिस्ट स्वतःच्या प्रेस घेऊन, कर्ज काढून, इतरांना वापरू देतात, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, पण कोल्हापुरात कुस्ती टिकली ती शाहू महाराजांनी तालमींना आसरा दिला म्हणून, प्रत्येक पैलवानाने आपापल्या परसात आखाडा खणावा असं कुणी म्हटलं नाही.

आणि हो, डिजिटल. आता सगळं इंकजेटवर उत्तम छापता येतं मग ही जड मशिनरी कशाला, असं विचारणारे असतात. इंकजेट आधी तयार असलेली इमेज कागदावर आणतो, ते त्याचं काम तो उत्तम करतो. एचिंगमध्ये इमेज प्लेटवर, ॲसिडमध्ये, रोलरखाली तयार होते, आणि पहिला प्रूफ (चाचणीची प्रत) उचलेपर्यंत काय आलंय हे करणाऱ्यालाही पूर्ण माहीत नसतं. दोन्ही असू द्यात की, वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात कॉम्प्युटर आणि प्रिंटरही ठेवा, माझी काहीच हरकत नाही.

शेवटी पैशाचा मुद्दा, कारण शाळेला छप्पर नाही आणि तुम्हाला प्रेस हवी का असं विचारलं जातं आणि तो प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. पण मी नवीन पैसा मागत नाहीये. जो आहे तो वेगळ्या क्रमाने खर्च करा म्हणतोय. प्रेस एकदा घेतली की नीट तेलपाणी केलं तर पन्नास वर्षं सहज चालते, कदाचित जास्तच. प्रदर्शनाचा मंडप, फ्लेक्स, प्रमुख पाहुण्यांचा प्रवास आणि कॅटलॉग हे चार दिवसांत संपतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच खर्च. मुंबई, पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूर, अमरावती, प्रत्येक महसुली विभागाच्या ठिकाणी बंद पडलेल्या म्युनिसिपल शाळा, जुनी गोदामं, रिकामे हॉल पडलेत, त्यातला एक घ्या. एचिंग प्रेस, एक लिथो प्रेस आणि थोडे दगड, फेरिक क्लोराइडची व्यवस्था, एक्झॉस्ट, प्लेट कापायला गिलोटिन. सकाळी कॉलेजची मुलं, संध्याकाळी सहा ते दहा नोकरी करणारे, कारण खरी गरज त्यांचीच असते, आणि रविवारी ज्याला नुसतं बघायचंय, शिकायचंय तो कुणीही, डिग्री विचारायची नाही. फी ठेवा पण इतकी की रिक्षावाल्याच्या मुलीलाही जड जाणार नाही, प्लेट आणि शाई पहिले सहा महिने फुकट. निघालेल्या प्रत्येक एडिशनची एक प्रत वर्कशॉपकडे, म्हणजे दहा वर्षांत शहराकडे आपोआप संग्रह उभा राहतो आणि विकत घ्यावा लागत नाही.

आणि एक टेक्निशियन, पूर्णवेळ. हे मी सगळ्यात शेवटी लिहितोय पण सगळ्यात आधी मंजूर व्हायला हवं, कारण आपल्याकडे मशीन येतं, उद्घाटन होतं, फोटो छापून येतात आणि मग ब्लँकेट बदलायला, प्रेशर लावून द्यायला, ॲसिडवर लक्ष ठेवायला माणूसच नसतो म्हणून खोलीला कुलूप लागतं. त्याला किंवा तिला शिक्षकाइतका पगार द्या, स्वतःची प्लेट करायला आठवड्यातले दोन दिवस द्या, आणि अकरा महिन्यांच्या कंत्राटावर घेऊ नका.